अण्णांच्या डब्याचं झाकण

वर्गाच्या पत्रकावर लिहिलं होतं: लेथवर लाकूड कातायला शिका. नवशिक्यांसाठी, दर शनिवारी सकाळी. मनाला विसावा.

पहिले तीन शनिवार तरी बेबीताईंना त्या विसाव्याचा मागमूस लागला नाही. फिरत्या लाकडाला पटाशी लावायची वेळ आली की त्यांचे खांदे कानांपर्यंत चढायचे आणि जबडा घट्ट मिटायचा. शेजारच्या लेथवर शिकणारे दातांचे डॉक्टर शेवटी न राहवून म्हणाले, "मॅडम, दात एवढे आवळू नका. अशाने माझ्या खुर्चीत याल."

"त्या भीतीनेच आवळलेत," बेबीताई म्हणाल्या.

शिकवणाऱ्या मिस्त्रीणबाई हसल्या नाहीत. त्या क्वचितच हसायच्या. वय चाळिशीचं, दंड भरलेले, बोलणं मोजकं. फर्निचरच्या कारखान्यात पंधरा वर्षं खुर्च्यांचे पाय कातून त्या कंटाळल्या आणि एका बंद पडलेल्या गॅरेजमध्ये चार लेथ मांडून शिकवायला लागल्या. पहिल्या महिन्यात त्या कुणाला काहीही करू द्यायच्या नाहीत. वाटी नाही, मेणबत्तीचा खांब नाही. चौकोनी तुकडा लेथवर चढवायचा आणि गोल करून उतरवायचा. गोल झाला की त्या तो हातात घेऊन डोळे मिटून फिरवायच्या आणि म्हणायच्या, "इथे पोट आलंय." मग पुन्हा नवा चौकोनी तुकडा.

"काकू, हत्यार लाकडात घुसवू नका," त्या बेबीताईंना सांगायच्या. "आधी समोरच्या आधाराच्या पट्टीवर टेकवा. मग धारेमागची उतरती बाजू लाकडाला नुसती घासू द्या. मग मूठ जरा उचला. धार आपली आपण लागते. लाकडाला विचारून घ्यायचं."

"आणि ते नाही म्हणालं तर?"

"म्हणतंच की. मोठ्याने म्हणतं."

ते खरं होतं. कोन जरा चुकला की लाकूड धार पकडायचं, हाताला हिसका बसायचा आणि गॅरेजभर फाटकन आवाज व्हायचा. डॉक्टर प्रत्येक वेळी लाकडाला "सॉरी" म्हणायचे; सवयच ती. बेबीताई लेथ बंद करायच्या. तो आवाज त्यांनी एकोणपन्नास वर्षांपूर्वी एकदा ऐकला होता, आणि कुठे ऐकला हे आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

खरं तर त्या विसाव्यासाठी आल्याच नव्हत्या. त्यांना एक झाकण करायचं होतं. एकच. ते जमलं की लेथ आणि त्यांचा संबंध संपला, असा त्यांचा हिशोब होता.

बेबीताईंचे वडील, अण्णा, वीजकंपनीत मीटर दुरुस्त करायचे. आठवडाभर डोळ्याला भिंग, समोर मोहरीएवढे स्क्रू आणि केसासारख्या स्प्रिंगा. त्यामुळे सुटीच्या दिवशी त्यांना हातात काहीतरी दांडगं लागायचं. मागच्या व्हरांड्यात त्यांचा पायाने चालवायचा लेथ होता. मोडीत निघालेल्या शिवणयंत्राचं चाक आणि पायटा, वर लाकडी चौकट, असा त्यांनीच जुळवलेला. सकाळी दहाच्या सुमाराला पायट्याची खटखट सुरू व्हायची, मग तिच्यावर चढून येणारी ढलप्यांची सरसर. ओल्या लाकडाची ढलपी लांबच लांब निघायची, गार असायची. बेबी ती मनगटाला गुंडाळून घ्यायची. हिरव्या शेंगा सोलल्यासारखा वास सगळ्या व्हरांड्यात भरून राहायचा.

"त्या कारखानदारांना म्हणावं, कचरा काढून मग जेवायला या," आई आतून म्हणायची.

"कारखानदार ऐकताहेत," अण्णा पायटा न थांबवता उत्तर द्यायचे.

आणि कचरा मात्र बेबीच काढायची, कारण ढलप्या तिला हव्या असायच्या. खोक्यात भरून ठेवायची. दोन दिवसांत त्या वाळून चुरा व्हायच्या, तरी पुढच्या रविवारी पुन्हा भरायची.

त्याच लेथवर अण्णांनी आईसाठी बटणांचा डबा केला. तुतीच्या लाकडाचा, दोन्ही हातांच्या ओंजळीत बसेल एवढा. नवा होता तेव्हा हळदीसारखा पिवळा होता, मग हळूहळू गडद होत गेला. झाकणावर चिमटीत धरायला एक बोंडी. घरातला शर्ट फाटून फडकं झाला की त्याची बटणं त्या डब्यात जायची. झाकण बसताना आतली हवा फुस्स करून बाहेर पडायची. तेवढा आवाज ऐकायला दोन्ही मुलं दिवसातून दहादा डबा उघडायची, झाकण दर वेळी दादाच बसवायचा, आणि आई दहादा म्हणायची, "एक बटण जरी सांडलं तरी बघा."

दादा चौदा वर्षांचा होता, बेबी बाराची. अण्णांनी दादाला नुकतंच लेथवर घ्यायला सुरुवात केली होती. रविवारी अर्धा तास. पायट्यावर दादाचा पाय, हत्यारावर दोघांचे हात. दादा तो अर्धा तास आठवडाभर जपून वापरायचा. जेवताना भाकरीच्या तुकड्यावर चमचा टेकवून कोन दाखवायचा. बेबीने "मला कधी?" विचारलं की अण्णा म्हणायचे, "तुझी उंची वाढू दे." दादा तिच्याहून दोनच बोटं उंच होता. तिने दाराच्या चौकटीला दोघांना उभं करून मोजलंही होतं. पण मोजमाप दाखवून अण्णांशी वाद घालायची पद्धत घरात नव्हती.

एका दमट दुपारी घरात कुणी नव्हतं. बेबीने डबा उघडला, आणि मग झाकण परत बसेना. तिने दाबून पाहिलं, तळहाताने ठोकून पाहिलं. लाकूड हवेतलं पाणी घेऊन फुगतं, हे त्याच वर्षी शाळेत शिकून झालं होतं. कारण सापडलं की उपायही सापडलाच असं वाटायचं ते वय. कडेवरून केसभर लाकूड काढलं की झालं. कुणाला कळणारही नाही. तिने झाकण बोंडीच्या बाजूने लेथच्या पकडीत घट्ट बसवलं, पायटा मारायला लागली आणि अण्णांची सगळ्यात धारदार पटाशी कडेला लावली.

फाटकन आवाज झाला. झाकण उडून भिंतीवर आदळलं आणि उभं चिरलं. बेबीचा अंगठा सोलवटला. ती बराच वेळ तशीच उभी होती. चाक मात्र आपलं आपण फिरत राहून मग थांबलं. दोन्ही तुकडे तिने पाणी तापवायच्या बंबात टाकले. लाकूड छान वाळलेलं होतं. लगेच पेटलं.

संध्याकाळी शोधाशोध सुरू झाली. दादाला ते झाकण बोंडीवर उलटं ठेवून भोवऱ्यासारखं फिरवायचा नाद होता, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं.

"कुठे टाकलंस?"

"आठवत नाही," दादा म्हणाला.

मी टाकलं नाही असं तो म्हणाला नाही. आठवत नाही म्हणाला. तेवढं पुरलं. अण्णा ओरडणाऱ्यांतले नव्हते. ते फक्त म्हणाले, "ज्याला एक झाकण सांभाळता येत नाही त्याच्या हातात मी हत्यार देणार नाही." आणि दिलं नाही. दुसऱ्या रविवारी पायटा खटखटला तेव्हा दादा पुढच्या अंगणात सायकल पुसत बसला होता. पुसून झालेली सायकल तो पुन्हा पुसत होता.

बेबी दाराआड होती, अंगठा मुठीत लपवून. उद्या सांगू, असं तिने ठरवलं होतं. पण वर्षभरात अण्णांची बदली झाली, नव्या घराला व्हरांडा नव्हता, लेथ एका सुताराला देऊन टाकला, आणि सांगायचं ते राहून गेलं. राहून गेलेली गोष्ट जितकी जुनी होते तितकी सांगायला जड जाते, हे मग तिच्या लक्षात आलं.

पुढे बेबी शिकली, पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत लागली. पस्तीस वर्षं तिच्या सहीने गावाचं पाणी पिण्याजोगं ठरत होतं. दादा विमा कंपनीत चिकटला आणि तिथूनच निवृत्त झाला. आईमागे तो डबा दादाकडे गेला. त्याच्या टेबलावर असायचा, पेनं आणि रबरबँड भरलेला, तोंड उघडं. कुणी विचारलं की दादा सांगायचा, "झाकण ना? ते आमचं कर्तृत्व. हरवलं." ऐकणारे हसायचे. बेबीताई चहाच्या कपात बघायच्या. एकसष्टाव्या वर्षीही त्यांना बेबी म्हणणारा तो एकच माणूस आता उरला होता.

नवं झाकण करून त्याच्या हातात द्यायचं आणि देतादेता काय घडलं ते सांगून टाकायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. रिकाम्या हाताने कबूल करायचं धैर्य त्यांच्यात नव्हतं.

वर्ग सुरू व्हायच्या आधीच त्यांनी माप घेऊन ठेवलं होतं. दादा औषधं आणायला गेला होता, वहिनी चहा टाकायला आत गेल्या होत्या. बेबीताईंनी पर्समधून व्हर्नियर काढलं, डब्याच्या तोंडाचा आतला व्यास घेतला. एकदा, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. तिन्हींची सरासरी काढली. एक्क्याऐंशी पूर्णांक चार मिलिमीटर. वहिनी ट्रे घेऊन बाहेर आल्या तेव्हा पर्स बंद होती.

चौकोनाचा गोल करण्यात दोन महिने गेले. तिसऱ्या महिन्यात कधीतरी, नेमकं कधी ते सांगता येणार नाही, बेबीताईंचे खांदे खाली आले. ढलपी तुटेनाशी झाली. पट्टीवरून हत्यार सरकवताना हातांपेक्षा पायांनीच जास्त काम करायचं असतं, अंग एका पायावरून दुसऱ्या पायावर न्यायचं असतं, हे डोक्याआधी गुडघ्यांना कळलं. एका शनिवारी त्यांनी घड्याळ पाहिलं तर दीड तास उलटून गेला होता आणि त्या दीड तासात त्यांना काहीही आठवलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, आज तुम्ही गुणगुणत होतात." त्यांना ते खरं वाटेना.

पाचव्या महिन्यात झाकण झालं. वाळलेल्या तुतीचं. आत बसणारी कड एक्क्याऐंशी पूर्णांक दोन. मोकळं बसायला दोन दशांश सोडलेले. बोंडी आठवणीतून केली होती. मिस्त्रीणबाईंनी डोळे मिटून फिरवून पाहिलं आणि काही बोलल्या नाहीत. म्हणजे चांगलं होतं.

रविवारी बेबीताई दादाकडे गेल्या. दादा आंघोळीला गेल्यावर त्यांनी पेनं बाजूला काढली आणि झाकण डब्यावर ठेवलं. एका बाजूने कड आत गेली, दुसऱ्या बाजूने अडली. ते फिरवलं, पुन्हा ठेवलं. पुन्हा अडलं. बाथरूमचा नळ बंद झाला. त्यांनी झाकण पर्समध्ये टाकलं, पेनं परत भरली, आणि दादा डोकं पुसत बाहेर आला तेव्हा वर्तमानपत्र उलटं धरून बसल्या होत्या.

"बेबी, बातम्या कशा आहेत?"

"आहेत नेहमीसारख्याच."

"सरळ धरून वाच. कदाचित बऱ्या वाटतील."

शनिवारी मिस्त्रीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "माप कुठून घेतलंत?"

"तोंडाच्या आतून. तीनदा घेतलं."

"तिन्ही वेळा एकाच जागी?"

बेबीताईंनी आठवून पाहिलं. टेबलावर डबा जसा होता तसाच ठेवून, खिडकीच्या बाजूने, तीनदा. पाण्याचा नमुना त्यांनी आयुष्यात कधी एकाच जागेवरून घेतला नव्हता.

"डबा गोल आहे असं तुम्ही धरून चाललात," मिस्त्रीणबाई म्हणाल्या. "जुना डबा गोल नसतो, काकू. ओलं लाकूड कातलं की वाळताना एका दिशेने जास्त आटतं, दुसऱ्या दिशेने कमी. तोंड लांबट होतं. डोळ्याला दिसत नाही, बोटाला कळतं."

"मग मी झाकण लांबट करते."

"लेथवर लांबट होत नाही. लेथवर फक्त गोल होतं." त्यांनी पटाशी धारेच्या दगडावर ठेवली. "एक रस्ता आहे. ओल्या तुतीचं झाकण करायचं, गोलच, जरा मोठं. ते वाळलं की आपलं आपण लांबट होईल. उरलंसुरलं हाताने घासून बसवायचं. पण त्याला डबा जवळ हवा. कागदावरच्या आकड्यांवर होणार नाही. घेऊन या."

"तो भावाकडे आहे."

"मग मागा."

"मागता येत नाही."

"का? बोलणं नाही का?"

"आहे. वाढदिवसाला फोन करतो. महिन्यातून एकदा जाते मी."

मिस्त्रीणबाई वाट बघत राहिल्या. मग बेबीताईंनी सांगितलं. व्हरांडा, दुपार, बंब, सायकल. पहिल्यांदाच मोठ्याने सांगत होत्या. सगळं मिळून चार मिनिटांत संपलं. पलीकडे डॉक्टरांनी आपला लेथ कधी बंद केला ते त्यांना कळलं नाही.

मिस्त्रीणबाईंनी धार अंगठ्यावर तपासली. "मला सांगून काय उपयोग?" त्या म्हणाल्या. "मी काय तुमचा दादा आहे?"

दुसऱ्याच दिवशी बेबीताई गेल्या. वहिनी पुस्तकं बदलायला वाचनालयात गेल्या होत्या. दादा टेबलाशी बसून वीजबिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूचे चौकोनी कागद कापत होता. बेबीताई बसल्या नाहीत.

"दादा, त्या डब्याचं झाकण तू हरवलं नाहीस. मी मोडलं. लेथवर लावलं होतं मी. मग बंबात जाळलं."

दादाने कात्री खाली ठेवली. "काय बोलतेस?"

"खरं बोलते."

"अगं, ते गटारात गेलं." तो शांतपणे, समजूत घातल्यासारखा सांगायला लागला. "शाळेच्या पायरीवर मी फिरवत होतो. ते घरंगळलं आणि जाळीतून खाली गेलं. मी बघितलंय. बोंडी वर होती त्याची, पाण्यावर तरंगताना."

"ते शाळेत कधी गेलंच नाही, दादा."

"मला दिसतं ते अजून."

बेबीताईंनी अंगठा पुढे केला. नखाखाली पांढरी बारीक रेघ होती, तिरपी. दादाने चष्मा वर करून ती पाहिली. मग डब्याकडे पाहिलं.

दादा मनात अन्याय घेऊन जगत असेल असं त्या इतकी वर्षं धरून चालल्या होत्या. तसं नव्हतंच. त्याने गुन्हा स्वतःचाच मानला होता आणि मग त्याला साजेशी आठवणही, पायरीसकट, जाळीसकट, तयार केली होती.

"अण्णा जायच्या आदल्या वर्षी मी त्यांची माफी मागितली," दादा म्हणाला. "झाकणाबद्दल. धीर गोळा करून गेलो होतो. ते म्हणाले, कुठलं झाकण?"

बेबीताईंना हसू आलं. दादा हसला नाही.

"पन्नास वर्षं, बेबी."

"एकोणपन्नास."

"मोजू नकोस."

त्यांनी अंगठा पुन्हा मुठीत घेतला.

"झाकण गेलं त्याचं मला काही नाही," तो म्हणाला. "पण मला तो लेथ हवा होता. फार हवा होता. तुला माहीत होतं ते."

"माहीत होतं."

"एक वाक्य. दाराआडून बाहेर येऊन एक वाक्य बोलायचं होतं तुला."

"शनिवारी लेथच्या वर्गाला जाते मी, नवं झाकण करायला," बेबीताई म्हणाल्या, "त्याला हा डबा हवाय." दादाने पेनं टेबलावर ओतली, डबा कपाटात ठेवला आणि कपाटाला किल्ली लावली. "आता जा तू," तो म्हणाला. चहाचं विचारलं नाही. त्या घरातून चहाशिवाय बेबीताई पहिल्यांदाच बाहेर पडल्या.

सहा दिवस फोन आला नाही. त्यांनीही केला नाही. शनिवारी त्या गॅरेजमध्ये गेल्या कारण घरी बसवेना. डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि, नवलच, एकही विनोद केला नाही. साडेदहाच्या सुमाराला दारात सावली पडली. दादा उभा होता, हातात कापडी पिशवी, पिशवीत काहीतरी गोल.

"इथेच चालतो का तो वर्ग?" त्याने मिस्त्रीणबाईंना विचारलं. बेबीताईंकडे पाहिलं नाही. "हिला डबा हवाय असं दिसतंय. पत्ता हिच्या वहिनीने काढून दिला. म्हणजे माझ्या बायकोने."

"डबा ठेवून गेलात तरी चालेल, काका."

"हिच्या भरवशावर? छे. मी बसतो."

मिस्त्रीणबाईंनी डबा घेतला. डोळे मिटून तोंडाच्या कडेवरून बोट फिरवलं, एकदा, पुन्हा एकदा. मग बोट थांबलं. कडेवर मोहरीएवढा एक काळा ठिपका होता, तापल्या तारेने डागलेला. "हाताला जाण होती करणाऱ्याच्या," त्या म्हणाल्या. "याचं झाकण एकाच बाजूने बसत असणार. त्यावरही असाच ठिपका असेल. दोन्ही ठिपके जुळवले की बसतं, नाहीतर अडतं."

"हो, मग," दादा म्हणाला. "ठिपक्याला ठिपका. अण्णांनी दाखवलं होतं मला." आणि आत्ता कुठे त्याने बहिणीकडे पाहिलं. "तुला माहीत नव्हतं?"

"मला वाटलं कीड लागलीय."

"मग त्या दिवशी ते..."

"फुगलं नव्हतं," बेबीताई म्हणाल्या. "नुसतं फिरवायला हवं होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं, दादा."

दादा बाकावर बसला. म्हणाला, "मी सांगायला हवं होतं. तेव्हा ते आमचं गुपित होतं ना, अण्णांचं आणि माझं. फार भारी वाटायचं."

मिस्त्रीणबाई मागच्या खोलीतून तुतीचा ओला ओंडका घेऊन आल्या. त्यातून दोन चौकोनी तुकडे कापले, पिवळेधमक, हाताला गार लागणारे. एक लेथवर चढवला आणि दादाला म्हणाल्या, "या. गोल करा."

"मी नुसता बघायला आलोय."

"इथे नुसतं बघायची फी जास्त आहे."

डॉक्टरांनी आपला चष्मा काढून दिला, डोळ्यांत ढलपी जाऊ नये म्हणून घालायचा तो मोठा. दादाने तो आपल्या चष्म्यावर चढवला. पटाशी धरली. बेबीताईंना वाटलं होतं हात आठवणीने आपोआप जागच्या जागी जातील. तसं काही झालं नाही. मूठ खाली हवी तिथे वर होती, खांदे कानांपर्यंत गेले होते. तरी पहिली ढलपी निघाली. ती मनगटावर पडली तेव्हा दादा एकदम चौदा वर्षांचा दिसला, आणि मग त्याने जरा जास्तच आत्मविश्वासाने मूठ उचलली.

फाटकन आवाज झाला. तुकडा पकडीतून सुटून जाळीच्या संरक्षक पडद्यावर आदळला आणि खाली पडला. दादाचे दोन्ही हात हवेत तसेच राहिले. चेहरा पांढराफटक. मिस्त्रीणबाईंनी बटण दाबलं. लेथ मंदावत थांबला.

दादाने वाकून तो तुकडा उचलला.

"असाच आवाज आला होता का?" त्याने विचारलं.

"असाच."

"आणि घरी कुणी नव्हतं."

"कुणी नव्हतं."

त्याने चष्मे काढले, दोन्ही, आणि शर्टाच्या टोकाने पुसले. एकच पुसायचा होता, पण दोन्ही पुसले. "बारा वर्षांची पोर," तो म्हणाला, कुणाला ते कळलं नाही. मग मिस्त्रीणबाईंना: "दुसरा तुकडा आहे ना? तो आधी हिला गोल करू द्या. कड पण तीच कातेल. मी शेवटी बोंडी करतो. बोंडीला माप नसतं."

"बोंडी अवघड असते, काका."

"मग तुम्ही हात धरा माझा. तसंच शिकलोय मी."

दुपारी एकपर्यंत झाकण झालं. पिवळं, ओलसर, तोंडाच्या मापापेक्षा ठळक मोठं. बोंडी थोडी वाकडी होती, दादा म्हणाला की ती मुद्दाम तशी आहे. झाकण कागदात गुंडाळून सावलीत ठेवायचं, आठवड्यातून एकदा वजन करायचं. वजन उतरायचं थांबलं की लाकूड वाळलं, मग घासून बसवायचं, असं मिस्त्रीणबाईंनी सांगितलं. बेबीताई म्हणाल्या, "माझ्याकडे चांगला तराजू आहे."

"तुझ्याकडे बंब पण होता," दादा म्हणाला आणि पुडी आपल्या पिशवीत टाकली.

पुढच्या रविवारी सकाळी नऊ वाजता फोन वाजला. ना वाढदिवस होता ना काही.

"चौऱ्याण्णव ग्रॅम," दादा म्हणाला.

"कागदासकट की कागद काढून?"

"कागद काढून. मी काय आज जन्मलो?"

त्याच्या पुढच्या रविवारी शहाऐंशी. मग ऐंशी. आकडा सांगून झाला की दादा फोन ठेवायचा नाही. व्हरांड्याच्या भिंतीचा रंग कसला होता, अण्णा पायटा डाव्या पायाने मारायचे की उजव्या, आई खरंच बटणं मोजून ठेवायची का, यावर वाद व्हायचा. कधी दादाचं बरोबर निघायचं, कधी बेबीताईंचं. बहुतेकदा दोघांचंही सिद्ध करायला कुणी उरलेलं नसायचं. शनिवारी तो गॅरेजमध्ये यायला लागला होता. मिस्त्रीणबाईंनी त्याला पहिल्या महिन्याच्या नियमातून सूट दिली नव्हती. त्याच्या गोलाला अजून पोट यायचं.

अकराव्या रविवारी दादा म्हणाला, "सहासष्ट. गेल्या वेळी पण सहासष्टच होतं ना?"

"त्याच्या आधीच्या वेळी पण."

"मग झालं म्हणायचं का हे?"

बेबीताईंनी वहीत पाहिलं. तीन आकडे एकाखाली एक, सारखेच. प्रयोगशाळेत त्यांनी यावर सही करून टाकली असती.

"वाळलंय," त्या म्हणाल्या. "येत्या शनिवारी घासून बसवता येईल."

पलीकडे वहिनी मागून कुणाशी तरी बोलत होत्या, भांड्यांचा आवाज येत होता.

"तसं काही घाई नाहीये," तो म्हणाला. "अजून एक-दोन आठवडे बघू. मी पुढच्या रविवारी वजन सांगतो तुला."